गुऱ्हाळातलं बाहुलीचं लग्न

"कोन हाय रं तिकडं? माती कुनाला इचारून उचलली?"

हाक विहिरीच्या पलीकडून आली आणि बारा मुलं जिथल्या तिथे उभी राहिली. पावसाची भुरभुर चालू होती. गाळाच्या ढिगावर वाकलेली तरुणी सरळ झाली. कोपरापर्यंत चिखलानं भरलेले हात तिनं अंगापासून दूर धरले.

"मी उचलली," ती म्हणाली. "आणि 'रं' नको. मी बाई आहे."

ही मंगळवार, ९ जुलै १९४६ची गोष्ट. बेंदूर पाच दिवसांवर आला होता. बेंदराला मातीचे बैल करायचे तर माती लागतेच, आणि मळईवाडीत हातात आकार धरणारी माती एकाच ठिकाणी होती : सयाजीनं उन्हाळ्यात स्वतः विहिरीतून उपसून काठावर टाकलेल्या गाळात. मळईवाडी रहिमतपूरपासून अडीच कोसांवर आहे. सयाजी सात वर्षं पलटणीत काढून फेब्रुवारीत गावी परतला होता. वय सत्तावीस, अंगात बंडी, खाली खाकी अर्धी विजार, खांद्यावर खोरं.

तो जवळ आला. "कोन तुमी?"

"मनुबाई. गुऱ्हाळात बालवर्ग चालतो, त्याची शिक्षिका."

"म्हंजी पोरांस्नी खेळायला शिकिवत्यात, त्या?"

"खेळायला शिकवावं लागत नाही. खेळू द्यावं लागतं."

"खेळायला साळा!" सयाजी हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "मग जेवायला कचेरी काढा एक. आनि झोपायला मामलेदार नेमा."

मुलं खिदळली. मनुबाईला राग आला. राग आला की तिचा आवाज चढत नसे, खाली जात असे.

"पलटणीत काय काम होतं तुमचं?"

"नाईक. ब्रेनगनवर."

"नेम कुठे शिकलात?"

"तितंच. दुसरीकडं कुटं?"

"खरं सांगा."

त्यानं खोरं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "...गोफनीनं. जुंधळ्यावरची पाखरं हाकताना."

"ते काम होतं की खेळ?"

"पैज लागायची आमची. कोन जास्त उडवतो ती. माझी आनि थोरल्याची—"

वाक्य तिथेच तुटलं. त्याच्या चेहऱ्यावरची सगळी गंमत कुणी पुसून काढल्यासारखी गेली, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त रागावला. "हटा समदी! असं हातानं उकरत्यात व्हय? पावसानं ढीग ढासळला तर एकादं पोर गाडलं जाईल. अक्कल हाय का न्हाई?"

मग त्यानं खोऱ्यानं दोन पाट्या भरल्या. एक डोक्यावर, एक कमरेवर घेतली आणि गुऱ्हाळापर्यंतचा सगळा रस्ता तो बाईला रागावत चालला. बाई त्याला उत्तरं देत चालली. त्या दिवशी माती कोणाची हा प्रश्न सुटला नाही, पण गुऱ्हाळात माती पोचली.

रांगेत शेवटी सहा वर्षांची एक मुलगी होती. ती हसली नव्हती, घाबरलीही नव्हती.

"ही माझी पुतनी," सयाजी दारात पाट्या उतरवत म्हणाला. "हरणा. बोलत न्हाई."

"मुळीच?"

"आदी लय बोलायची," तो म्हणाला आणि निघून गेला.

मनुबाई मूळची मिरजेची. वडील तिथल्या एका दवाखान्यात कंपाउंडर. पुण्याला बालशिक्षणाचा वर्षभराचा अभ्यास करून ती साताऱ्याच्या एका संस्थेत लागली, आणि संस्थेनं तिला जूनमध्ये मळईवाडीला पाठवलं. वय तेवीस. गावचे पाटील नानासो यांनी गुऱ्हाळ दिलं, कारण पावसाळ्यात गूळ शिजत नाही आणि जागा रिकामी असते. पोरं रोप-लावणीत पायांत येण्यापेक्षा तिथे बसलेली बरी, यापलीकडे नानासोंनी विचार केला नव्हता. गावात बालवर्गाला 'चिखलाची साळा' म्हणत. "पाटी न्हाई, पाडं न्हाई, छडी न्हाई, मग बाईला पगार कशाचा?" हा प्रश्न पाणवठ्यावर रोज विचारला जाई, आणि मनुबाई पाण्याला आली की जरा मोठ्यानं.

सयाजी दुसऱ्या दिवशी आला तो पाट्या परत न्यायला. तिसऱ्या दिवशी आला तो खोरं विसरलं म्हणून, जे त्यानं विहिरीवरून आणलंच नव्हतं. चौथ्या दिवशी त्यानं कारण सांगितलं नाही. बाभळीच्या ओंडक्याची दोन चाकं करून आणली आणि गाडी जोडून दिली.

"चाक वाकडं आहे," मनुबाई म्हणाली.

"रस्ताबी वाकडाच हाय."

"रागावलात?"

"तुमच्यावर? रोजच."

त्याच गाडीला बैल हवा होता. चार वर्षांच्या गुंडानं सयाजीकडे बोट दाखवून हुकूम केला, "वाक." ज्यानं सुभेदारांचे हुकूम सात वर्षं झेलले होते तो गडी मुकाट चारी पायांवर उतरला. मुलं पाठीवर चढली. मनुबाई चुलवाणापाशी उभी राहून हसली. गूळ शिजवायचा तो मोठा चुला, पावसाळ्यात थंड पडलेला, मुलांच्या खेळात कधी विहीर होई, कधी किल्ला. हसताना तिनं कपाळावरचे केस मागे सारले.

"कपाळावर चिखल लागला," खालून बैल म्हणाला.

"राहू दे."

"ऱ्हाऊ दे. बरा दिसतोय..." तो क्षणभर अडखळला. "चिखल."

ती लाल झाली, आणि लाल झाल्याचा तिला राग आला. "तुम्हाला शेतात काम नाही का हो?"

"हाय की. पर हितं बैल कमी हायत."

असे दोन आठवडे गेले. भांडण झालं नाही असा एकही दिवस त्यात नव्हता. भांडण मुख्यतः हरणावरून. हरणा एका कोपऱ्यात भातुकली मांडी. मातीच्या चार ताटल्या, तिघांना वाढी, चौथी पालथी घाली आणि तिच्यापुढे बसून राही. सयाजीला ते बघवत नसे. तो उठून ताटली उलटी करायला जाई आणि मनुबाई त्याचा हात धरून थांबवी.

"मधे पडू नका."

"आवं, येडं लेकरू बसलंय पालथ्या ताटाम्होरं! तुमी नुसतं वहीत लिवताय!"

"लिहिते, कारण ती सांगते आहे. तोंडानं सांगता येत नाही ते मूल हातानं सांगतं. आपण ताटली उलटली की तिचं बोलणं आपण तोडलं."

"काय सांगती मग?"

"ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळतं का?"

या प्रश्नावर तो नेहमी निघून जाई. एकदा जाताना लक्षात आलं की मनुबाईनं त्याचं मनगट अजून सोडलेलं नाही. तिच्याही लक्षात आलं. दोघांनी एकदमच दुसरीकडे बघितलं.

हरणाच्या घरची हकीगत गावाला ठाऊक होती तेवढी मनुबाईलाही कळली होती. हरणाचे वडील कृष्णात, सयाजीचा थोरला भाऊ, त्याच्याच पलटणीत. एप्रिल १९४५मध्ये इटलीतून तार आली, बेपत्ता म्हणून. तेव्हापासून दोघा भावांची म्हातारी आई चंद्राबाई रोज दोन भाकऱ्या जास्त थापत होती आणि हरणाची आई अंजना कुंकू लावत होती. कृष्णात येणार होता. सयाजी तसं सांगत होता.

गुरुवार, १ ऑगस्ट. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. मुलींनी बाहुला-बाहुलीचं लग्न काढलं. नवरी हरणानं केली, मातीची. तिला लाल चिंधीचं लुगडं नेसवलं, हातांत दोऱ्याच्या हिरव्या बांगड्या, कपाळावर कुंकवाचा ठिपका. पंचमीसाठी माहेरी आलेल्या लेकी आणि त्यांच्या आया असं वीसेक बायकांचं वऱ्हाड फुटाणे घेऊन आलं. अंजना आली, चंद्राबाई आली. पहिल्यांदाच गावातल्या बायका बालवर्गाच्या आत पाऊल टाकत होत्या, म्हणून मनुबाई खुशीत होती. अक्षता पडल्या. मुलांनी तोंडानं सनई वाजवली.

मग हरणा उठली. तिनं नवऱ्याला उचललं. मातीचा नवरा, डोक्याला पलटणीची टोपी. त्याला चुलवाणाच्या तोंडाशी आडवा निजवला. वर उसाची चिपाडं रचली, एकावर एक, नीट. बुडाला भोक पाडलेलं लिंबाएवढं मडकं खांद्यावर घेतलं आणि ती चुलवाणाभोवती उलटी फिरली. एक, दोन, तीन फेऱ्या. मडकं मागे टाकलं. परत येऊन तिनं नवरीचं कुंकू अंगठ्यानं पुसलं, दोऱ्याच्या बांगड्या तोडल्या आणि नवरीला भिंतीकडे तोंड करून बसवलं.

"आगं माज्ये आये!" भामाबाई नावाची शेजारीण किंचाळली. "जित्या मानसाची तिरडी बांदली कार्टीनं!"

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. चंद्राबाईनं नातीच्या थोबाडीत मारली. अंजना कपाळावरचं कुंकू हातानं झाकून पळत सुटली. बायकांनी आपापली मुलं ओढून नेली. कुणीतरी नानासोंना बोलावून आणलं.

"बाई," नानासो दारातूनच म्हणाले, "ह्ये असलं अभद्र शिकवायला जागा दिली न्हवती आमी."

"मी हे शिकवलेलं नाही, नानासो."

"मग कुनी? सा वर्साच्या पोरीला सपान पडलं? उद्या पंचमी. परवा सकाळी गुऱ्हाळ रिकामं पायजे."

सयाजी दिवेलागणीच्या आधी आला. मनुबाई चुलवाणातली चिपाडं काढत होती.

"थुत् तुमच्या साळेवर!" तो दारातूनच ओरडला. "माझी आय तितं ऊर बडवून घेतीया. वैनी दार लावून बसली. काय मिळालं तुमाला?"

"ओरडून झालं की सांगा. मला काही विचारायचं आहे."

"मला इचारायचं? तुमी?"

"हरणा बोलायची कधीपासून थांबली?"

"त्येचा हितं काय समंद?"

"कधीपासून?"

"...शिमग्यापास्नं."

"शिमग्याला घरात काय झालं?"

"काय न्हाई. पलटनीचं पत्र आलं, दादाचं. सोद चालू हाय म्हनून."

"वाचलं कोणी?"

"म्या. गावात इंग्रजी दुसऱ्या कुनाला येती?"

"कुठे वाचलंत?"

"घरात. समद्यांम्होरं."

"आणि त्याच्याआधी? एकट्यानं?"

मनुबाईनं हातातली चिपाडं खाली ठेवली. तिचा आवाज इतका खाली गेला होता की त्याला एक पाऊल पुढे यावं लागलं.

"सयाजीराव, त्या पोरीनं मडक्याला भोक पाडलं होतं. उलट्या फेऱ्या घातल्या. तिनं गावात कुणाचा तरी अंत्यविधी पाहिला असेल, त्यात नवल नाही. पण टोपी पलटणीची होती. ती खेळात चुकत नव्हती. एकदाही थांबून आठवावं लागलं नाही तिला. तिला माहीत आहे. तिला कसं माहीत, ते तुम्हाला माहीत आहे."

सयाजी चुलवाणाच्या कडेवर बसला.

"पैल्यांदा बेपत्ताच हुता. तीन दिसांनी नदीच्या काठाला गावला. म्या वळखला. म्याच अग्नी दिला. दुसरी तार घरी गेली आसंल, असं धरून चाललो... ती वाटंत कुटं हरवली, द्येव जाने. फेब्रुवारीत घरी आलो तर आय दारात भाकरी-पानी उतरून टाकती आनि म्हनती, तू म्होरं आलास, त्यो मागनं येतोय न्हवं? वैनी मागं हुबी. ह्येवढं कुंकू." त्यानं अंगठा दाखवला. "म्या म्हनलं, व्हय."

"आणि शिमग्याला?"

"पत्रात समदं साफ लिवलं हुतं. गोठ्यात वाचलं. रडलो. दादाला हाका मारल्या. पोरांचा लपंडाव चाललावता. हरणी कडब्यामागं लपली हुती, मला काय ठावं! मग तोंड धुतलं, घरात गेलो, आनि सोद चालू हाय म्हनून वाचून दावलं. त्यावर हरणी म्हनली, तात्या, बा मेला म्हनून तू रडत हुतास की."

"मग?" मनुबाईनं विचारलं.

"आयनं तिच्या थोबाडीत मारली. आनि म्या..." त्यानं मान खाली घातली. "म्या म्हनलं, पोरगी खोटं बोलती."

"तुम्ही म्हणालात."

"व्हय."

"सहा वर्षांच्या मुलीला खोटी ठरवलीत. सगळ्यांसमोर." आता तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आणि मग वर तिच्यासाठी चाकं करत बसलात! बैल झालात! मी समजत होते तुम्ही..."

"काय समजत हुता?"

"काही नाही."

"सांगा की."

"मला वाटलं होतं, या गावात एक माणूस खेळायला येतो तो सरळ मनानं येतो. त्याची मी वाट बघायला लागले होते. झालं समाधान? आता निघा."

सयाजी उठला. त्याचे डोळे लाल होते. "काय करू, त्ये तरी सांगा. वैनीच्या बांगड्या फोडायला समद्या बाया टपल्यात. माझ्या तोंडानं—"

"मला विचारू नका. त्या मुलीला विचारा. तिनं तुमच्यावाचून सगळे विधी उरकले. तिला फक्त एक माणूस हवा होता, ती खरं बोलली असं म्हणणारा. ज्यांच्यासमोर खोटी ठरवलीत, त्यांच्यासमोर."

तो गेला. मनुबाई त्या ओल्या जमिनीवर बसली आणि रागानं रडली. आपण कुणावर इतक्या रागावलो आहोत आणि का, ते तिला नेमकं कळत होतं, आणि कळतं याचाही राग येत होता.

पंचमीला सकाळी झोपाळ्याकडे कुणी गेलं नाही. सयाजीनं घरोघर जाऊन काल हजर असलेल्या प्रत्येक बाईला गुऱ्हाळात यायला सांगितलं होतं. नानासो आले. चंद्राबाई आली. अंजना हरणाचं बोट धरून आली. मनुबाई दाराशी उभी राहिली. सयाजीनं तिच्याकडे बघितलं नाही.

तो हरणापुढे उकिडवा बसला. उभ्यानं सांगता आलं असतं, पण तो बसला.

"हरणे, शिमग्याला तू खरं बोललीस. खोटं म्या बोललो."

मग उठून त्यानं खिशातून कागद काढला आणि एकेक ओळ मराठीत सांगितली. नाव, नंबर, तारीख, ठार. एकही ओळ त्यानं गाळली नाही.

चंद्राबाई उभी होती तिथेच खाली बसली. बायकांनी गळा काढला. अंजना रडली नाही. ती दिरासमोर येऊन उभी राहिली.

"भावजी, पंदरा म्हयने झाले व्हय? पंदरा म्हयने म्या हळदीकुकवाला जात हुते. लोकांच्या पोरींच्या ओट्या भरत हुते. तुमी सा म्हयने घरात हुता, आनि तुमाला समदं ठावं हुतं."

"वैनी, तुमच्यासाठीच—"

"माझ्यासाठी न्हाई. माझं रडनं तुमाला बघवायचं न्हाई म्हनून. तुमच्यासाठी." "माझा नवरा मेला आनि रडायचीबी मला चोरी केली तुमी."

"व्हय, वैनी," सयाजी म्हणाला.

भामाबाई हातात दगड घेऊन पुढे झाली, रीत म्हणून. अंजनानं मनगटं छातीशी धरली. "हात लावू नगंस. माझ्या हातानं काढीन मी. कवा काढायच्या त्येबी मीच ठरवीन." भामाबाईनं नानासोंकडे बघितलं. नानासोंनी पहिल्यांदाच खाली बघितलं.

त्या गोंगाटात एक बारीक, खरखरीत आवाज आला. चार महिने न वापरलेला.

"तात्या, मडकं कुनी धरलं?"

सयाजी पुन्हा उकिडवा बसला.

"म्या धरलं, बाळ. तितं मडकं न्हवतं. टिनाचा डबा घेतला. त्येला संगिनीनं भोक पाडलं."

"पानी सांडलं का?"

"सांडलं की. समदं."

"उलटा फिरलास?"

"उलटाच फिरलो. तीन बार."

हरणानं थोडा विचार केला. मग ती येऊन त्याच्या गुडघ्याला टेकली आणि रडायला लागली. सहा वर्षांचं मूल रडतं तशी, मोठ्यानं, नाक गळेपर्यंत. चंद्राबाईनं जमिनीवरूनच हात लांब केला आणि ज्या गालावर दोनदा मारलं होतं त्या गालावर ठेवला.

मनुबाई बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी नानासोंनी सांगितल्याप्रमाणे तिनं गुऱ्हाळ रिकामं केलं आणि बैलगाडीनं रहिमतपुराला गेली. तिथे संस्थेच्या ओळखीच्या एका घरी उतरून तिनं साताऱ्याला सविस्तर अहवाल लिहिला. नऊ दिवसांनी उत्तर आलं, दोन ओळींचं : गावाची संमती नसल्यास वर्ग बंद समजावा, आपण तूर्त घरी जावे.

शुक्रवार, १६ ऑगस्ट. मिरजेकडे जाणारी दुपारची गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती. रहिमतपूरच्या स्टेशनावर मनुबाई पत्र्याच्या ट्रंकेवर बसली होती. फलाटाच्या टोकाकडून एक माणूस गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला येत होता. डोकं तेराव्याचं, नुकतं भादरलेलं. ओळखायला तिला वेळ लागला, पण फार नाही.

"उतरला हुता त्या घरी कळलं, निगालात म्हनून. निरोप हाय," सयाजी पाच हातांवर उभा राहून म्हणाला.

"सांगा."

"आयचा. पंचमीपास्नं पाचव्या दिसाला हरणीनं अंगनात पुन्यांदा चिपाडं रचली. आमाला वाटलं, आता आय मारती. आय उठली, आत गेली, आनि भाताचा घास आनून तिच्या शेजारी ठेवला. दोगी बसल्या मग तितं. काल आय नानासोकडं गेली. म्हनली, माझ्या घरात खरं बोलनारी येकच हुती, आनि तिला बोलायला जागा त्या बाईनं दिली. तुमच्या गुऱ्हाळाला टाळं लावा, माझा गोठा रिकामा करते. नानासो म्हनले, गोठा कशाला, गुऱ्हाळच घ्या. सोमवारपास्नं."

मनुबाईनं विचारलं, "हरणा?"

"बोलती. लय बोलती. काल दिवसभर मला बैल केलं आनि वर म्हनती, तात्याला वळता येत न्हाई नीट."

तिला हसू आलं. तिनं ते दाबलं. "निरोप संपला?"

"आयचा संपला. आता माझा."

"तुमचा मला ऐकायचा नाही."

"नका ऐकू. म्या बोलतो." "गाडी हुती गावात. तरी चालत आलो. म्हनलं, वाटंनं काय बोलायचं त्ये ठरवू. काय ठरलं न्हाई."

"मग?"

"तुमचा लय राग येतो मला. त्या दिवशी तुमी जे बोललात त्येचा अजून येतो. आनि त्यो आला की..." तो थांबला, फलाटाकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे. "वाटतं, जन्मभर येत ऱ्हावा."

"जो माणूस आपल्या आईला खोटं वाचून दाखवतो," मनुबाई हळू म्हणाली, "त्याच्यावर मी विश्वास कसा ठेवायचा?"

"नका ठेवू. तपासत ऱ्हावा. तुमची वही हायच की."

"नोकरी सोडणार नाही मी."

"कोन सोडा म्हनतंय?"

"लोक म्हणतील, नाइकाची बायको चिखलात खेळते."

"नाईक बैल हुतो, त्ये समद्या गावानं बघितलंय. माझी अब्रू कवाच गेली, बाई."

आता तिला हसू दाबता आलं नाही. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि नेहमीसारखा त्याचाही राग आला. "तुम्ही फार वाईट आहात. त्या पोरीपायी मी तुम्हाला कधी पूर्ण माफ करीन असं मला वाटत नाही."

"म्याबी मला केलेलं न्हाई."

लांबून शिट्टी ऐकू आली. हमालानं ट्रंकेला हात घातला.

"मी मिरजेला जाते आहे," ती उठत म्हणाली. "सोमवारच्या आत परत येईन. वर्ग आहे." दोन पावलं गेली आणि वळली. "तिथे माझे वडील आहेत. तापट आहेत."

"मग म्या येतो की. आत्ताच."

"या अवतारात?"

"ह्योच खरा हाय."

"काय सांगणार त्यांना?"

"खरं."

"सगळं?"

"समदं," सयाजी म्हणाला.

गाडी फलाटाला लागली. मनुबाई ट्रंकेमागोमाग डब्यात चढली, खिडकीशी बसली, आणि पदराखालची भाकरीची पुरचुंडी काढून तिनं समोरच्या रिकाम्या जागेवर ठेवली.

"मग चढा लवकर, आणि आधी जेवून घ्या," ती म्हणाली. "इतकं खरं ऐकल्यावर आमच्याकडे कोणी तुम्हाला जेवायला वाढणार नाही."